सोन्याचं पान

(थेसलीतलं एक गाव. भर दुपार. पोरं जेवायला घरी गेली आहेत. रिकाम्या शाळेत सिमोस मास्तर, आणि उंबऱ्याबाहेर एक बाई.)

सिमोस: अहो, बायकांना नाही शिकवत मी. किती वेळा सांगायचं? आणि या उन्हात बाहेर उभ्या राहून घसा कशाला सुकवता? आत या. घागर भरलेली आहे, पाणी घ्या.

बाई: पाणी नको.

सिमोस: ओठांची सालं निघालीत तुमच्या.

बाई: म्हणूनच नको, गुरुजी. एकदा प्यायला लागले तर थांबवणार नाही मला. पाण्याचं नाव काढू नका. अक्षरं द्या. चोवीसच्या चोवीस. तिसाव्याच्या आत.

सिमोस: कुणाचा तिसावा?

बाई: माझा.

सिमोस: काय अभद्र बोलता! तिसावा गेलेल्या माणसाचा घालतात.

बाई: नववा परवाच झाला. आमच्या ह्यांनी दूध ओतलं, मध ओतला. दूध जरा आंबलेलं होतं. पण त्यांना कुठलं कळायला? दुधाकडे मीच बघायची.

सिमोस: ... हे किडे का गप्प झाले? आत्ता सगळं झाड किरकिरत होतं.

बाई: मी आले की होतात.

सिमोस: हात पुढे करा. उजवा. हे बोट असं वाकडं कशानं?

बाई: तुमच्या खिडकीच्या झडपेत सापडलं होतं. नऊ वर्षांची होते. भावाची पाटी घेऊन यायचे मी, स्ट्रातोनची. तो आत बसायचा, मी खिडकीशी. तीन दिवस तुमच्या लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी आलं.

सिमोस: मिक्का.

मिक्का: नाव लक्षात आहे! बरं वाटलं.

सिमोस: तू तर तापात... माझी दासी थ्रात्ता तुला न्हाऊ घालायला आली होती. मुठीत सोन्याचं पान ठेवलं तुझ्या, असं सांगत होती.

मिक्का: त्याच पानासाठी आले. हे बघा. तिकडे पोचायची वाट सगळी अंधाराची, गुरुजी, आणि पुढे दोन झरे. आवाज येतो दोन्हींचा. एकाचं पाणी प्यायलं की सगळं पुसलं जातं. घर, माग, पोर, स्वतःचं नाव. दुसऱ्याचं प्यायलं की सगळं राहतं. कुठलं प्यायचं ते पानावर लिहिलंय. आणि मला वाचता येत नाही.

सिमोस: तुझ्या नवऱ्यानं विचारलं नाही पान देणाऱ्या पुजाऱ्याला?

मिक्का: सोनं दिलं, पान घेतलं, रडत बसला. कुणाच्या डोक्यात येणार की मेलेल्या बाईला वाचता येतं का? पुजारी तोवर पुढच्या गावी गेलाही. पण तो म्हणाला होता, अक्षर सिमोस मास्तरांच्या हातचं आहे. ते ऐकून मला धीर आला. तुमचं अक्षर मी खिडकीतून पाहिलेलं. मोत्यासारखं. तुम्हीच लिहिलंय, तर तुम्हीच सांगा ना. काय आहे यात?

सिमोस: ते... ते सांगायचं नसतं.

मिक्का: नसतं?

सिमोस: ज्याचं त्यानं वाचायचं. असा नियम आहे. उसनं ज्ञान तिकडे चालत नाही.

मिक्का: मग शिकवा.

सिमोस: कोणीतरी येतंय. थ्रात्ता असेल.

मिक्का: उद्या येते. याच वेळी.

*

थ्रात्ता: घ्या. सातूची भाकरी, कांदा, चार ऑलिव्ह. पाचवं मी खाल्लं. कुणाशी बोलत होता, मालक?

सिमोस: पाठ करत होतो.

थ्रात्ता: चाळीस वर्षं तेच शिकवताय, अजून पाठ व्हायचंय? तोंड का असं पांढरं? पीठ फासल्यागत झालंय.

सिमोस: थ्रात्ता, त्या तापात बायका किती गेल्या गं?

थ्रात्ता: सात. विणकराची मिक्का, घोडेवाल्याची सून, त्या दोघी जुळ्या बहिणी... कशाला आठवायचं जेवताना? सातही जणींना पुजाऱ्यानं पानं दिली. तुम्हीच तर बसला होता ओट्यावर, काडीनं टोचत. तेलाचा बुधला मिळाला त्याचा. अजून पुरतोय.

सिमोस: काय टोचलं होतं मी?

थ्रात्ता: मला विचारता? मी थ्रेसची, मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग.

सिमोस: आल्फा, बीटा, गामा. टोचत गेलो ओमेगापर्यंत. जागा उरली की पुन्हा आल्फा. पोरांना पहिल्या दिवशी गिरवायला देतो ते. सातही पानांवर.

थ्रात्ता: मग पुजाऱ्यानं सांगितलेलं?

सिमोस: तो बोलत होता, ढोलकं बडवत होता. ऊन होतं. पान बोटाएवढं, टोचायला त्रास. मी म्हटलं, बायकांची पानं. कोण वाचणार आहे?

थ्रात्ता: तेही खरंच की. कोण वाचणार आहे? ... असं काय बघता माझ्याकडे? भाकरी खा.

सिमोस: भूक नाही. पाणी दे.

*

सिमोस: पुन्हा म्हण.

मिक्का: आल्फा. तंबूच्या दोन काठ्या, मध्ये दोरी. बीटा. एका खांबाला दोन पोटं. गामा, गळाची काठी. डेल्टा, माझ्या मागाच्या दोऱ्यांना टांगलेलं वजन, त्रिकोणी. गुरुजी, आज सहावा दिवस. सहा दिवस डेल्टापाशीच आहोत.

सिमोस: पाया पक्का व्हायला हवा.

मिक्का: पोरांना पहिल्याच दुपारी डेल्टा ओलांडायला लावता तुम्ही. ओलांडलं नाही तर वहाण काढता. मी ऐकायचे बाहेरून.

सिमोस: तू लिहून दाखव. या मेणाच्या पाटीवर.

मिक्का: दाखवते. ... बघा.

सिमोस: मेणावर काहीच उठलं नाही.

मिक्का: जोर लावला मी.

सिमोस: लेखणी टोचलीस ना? तरी मेण तसंच गुळगुळीत. एक ओरखडा नाही.

मिक्का: भार नसेल राहिला माझ्यात. असू दे. कापडाची नक्षी मी कधी कुठे लिहून ठेवली? एकदा बघितली की डोळ्यांत बसते. तुम्ही पुढची अक्षरं काढा, मी बघते. सगळी काढा.

सिमोस: उद्या काढू.

मिक्का: उद्या, उद्या. तुम्ही मला घाबरता का?

सिमोस: मेलेल्या माणसाला कोण घाबरत नाही?

मिक्का: तसं नाही. तुम्ही माझ्या वाकड्या बोटाकडे बघता आणि नजर वळवता. बोटाचं काही नाही, गुरुजी. माग चालवताना अडलं नाही कधी. त्याच बोटानं मी फिलाला चालायला शिकवलं. ते बरोबर तिच्या मुठीत बसायचं, कडीसारखं.

सिमोस: फिला म्हणजे मुलगी?

मिक्का: चार वर्षांची आहे. एक दिवस म्हातारी होऊन तीही येईल त्या अंधारात. तेव्हा तिला ओळखायला कुणी असायला नको? मी ते पुसणारं पाणी प्यायले, तर पोर माझ्या समोरून जाईल आणि मी बाजूला सरून तिला वाट देईन. परक्या बाईला देतात तशी.

सिमोस: पुरे.

मिक्का: रात्री मी तिला गाणी म्हणायचे. दोनशे असतील. एक अक्षर येत नव्हतं, पण गाणं एकदा ऐकलं की माझं. आता तिला कोण म्हणत असेल?

सिमोस: पुरे म्हटलं ना!

मिक्का: ... बाकीच्या बसल्यात अलीकडेच. सहा जणी.

सिमोस: कुठे?

मिक्का: झऱ्यांच्या अलीकडे, दगडावर. घोडेवाल्याची सून म्हणते, मला धीर नाही धरवत, जे जवळ आहे ते पिते. जुळ्या बहिणी तिचे हात धरून बसतात. त्यांना तुमची शाळा ठाऊक नाही. मला खिडकी ठाऊक होती म्हणून मी चालत येऊ शकले. त्यांना सांगून आलेय, मी शिकून येते, मग तुमचीही पानं वाचून देते. एक गंमत सांगू? सगळ्यांच्या पानांवर नक्षी सारखीच आहे.

सिमोस: सारखी?

मिक्का: टाक्याला टाका. मग एकीचं वाचलं की सगळ्यांचं झालं, नाही का?

सिमोस: मिक्का, तू उद्या येऊ नकोस.

मिक्का: का?

सिमोस: मला बरं नाही.

मिक्का: मलाही नाही, गुरुजी. मी उद्या येईन.

*

थ्रात्ता: मालक, हा काय वेडेपणा? पोरांची दुपारची शाळा बंद, आणि रिकाम्या बाकाला अक्षरं दाखवताय. गल्लीतून दिसतं सगळ्यांना. ओमेगापर्यंत फळा भरलात!

सिमोस: शिकणारा समोर बसला, त्याचे डोळे आपल्या हाताकडे लागले, की हात थांबत नाही. मी थांबवून पाहिला.

थ्रात्ता: कोण शिकणारा?

सिमोस: चाळीस वर्षांत असा शिकणारा नाही आला मला. अथेन्सहून आलेल्या पंडिताची पोरंसुद्धा नाहीत. दोन दुपारींत वीस अक्षरं. आणि मी तिला...

थ्रात्ता: तिला?

सिमोस: उद्या तिसावा आहे मिक्काचा.

थ्रात्ता: हो, मला जायचंय. भाकऱ्या नेईन. तुम्ही येताय?

सिमोस: नाही. ती इकडेच येईल.

थ्रात्ता: ... मी आज लसणाची माळ लावते दाराला.

सिमोस: दाराला लाव. तिला खिडकीही माहीत आहे.

*

मिक्का: वाचलं मी.

सिमोस: ये. बस.

मिक्का: बसत नाही. काल रात्री वाचलं. तुमच्या फळ्यावर जे होतं ते एकेक आठवत गेले आणि पानाशी लावत गेले. पहिलं आल्फा. मला एवढा आनंद झाला, म्हटलं, आलं, मला आलं! मग बीटा. मग गामा. म्हटलं, असेल काही शब्द असा. डेल्टा. मग मी हळूहळू वाचायला लागले. शेवटपर्यंत. शेवटी पुन्हा आल्फा.

सिमोस: हं.

मिक्का: त्या सहा जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

सिमोस: काय सांगितलंस त्यांना?

मिक्का: अजून वाचतेय म्हटलं. तुमचंच वाक्य उचललं. पाया पक्का व्हायला हवा.

सिमोस: शिव्या दे मला. वहाण काढ. ती बघ, दाराशी आहे माझी.

मिक्का: माझ्यानं वहाण उचलवत नाही. ... का केलंत?

सिमोस: ऊन होतं.

मिक्का: एवढंच?

सिमोस: एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, कोण वाचणार आहे. खिडकी लावली तेव्हाही हेच वाटलं होतं. आणि तू वाचलंस.

मिक्का: आज सूर्य बुडाला की माझ्या नावानं कुणी काही ओतणार नाही. मग बसता येत नाही तिथे. उठावंच लागतं. तहान उठवते. पुजारी काय बोलला होता ते आठवा, गुरुजी. लिहिलं नसेल तुम्ही, ऐकलं तर होतं?

सिमोस: रात्रंदिवस तेच आठवतोय. तीन ओळी धड येतात. एकीत भोक आहे.

मिक्का: म्हणा.

सिमोस: 'तहान लागे, वाट लांब, थांबू नको बाई. पहिलं पाणी गोड गोड, आठव त्यात नाही.'

मिक्का: गोड असतं होय ते! पुढे?

सिमोस: पुढे भोक. 'अमुक हाती नीर गार, काळं दिसे बाई. ओंजळ धरी, नाव सांग, विसरू नको काही.' डाव्या हाती की उजव्या हाती, ते आठवत नाही. तेवढंच आठवत नाही! लिहिलं असतं तर हाताला तरी आठवलं असतं.

मिक्का: तुम्ही वाचल्यासारखं म्हणताय. पुजाऱ्यानं कसं म्हटलं? ढोलकं होतं ना?

सिमोस: होतं. ठोके देत होता.

मिक्का: ठोके द्या बाकावर. आणि हळू म्हणा. पहिला शब्द.

सिमोस: त-हा-न लागे...

मिक्का: तीन ठोके. दुसरी?

सिमोस: प-हि-लं पाणी...

मिक्का: तीन. शेवटची?

सिमोस: ओं-ज-ळ धरी...

मिक्का: तीन. बघा, माझ्या मागावर असंच असतं. प्रत्येक ओळ तीन धाग्यांनी उचलायची, मग फणी. आता डाव्या घाला.

सिमोस: डा-व्या हाती...

मिक्का: अडखळलं. ऐकलंत? एक धागा सुटला. आता दुसरा घाला.

सिमोस: उ-ज-व्या हाती नीर गार...

मिक्का: काळं दिसे बाई. बसलं. उजव्या.

सिमोस: पोरी, एवढ्यावर? एका ठोक्यावर जाणार तू?

मिक्का: याच्याहून मोठं काय आहे माझ्याजवळ? तुम्ही पाटीची माणसं, लिहिलं नाही की तुमचं हरवतं. आमचं गाणं कुणी बिघडवलं तर आम्हाला ऐकू येतं.

सिमोस: आणि चुकलीस तर?

मिक्का: चुकले तर मला कळणारच नाही. कोण चुकलं, कशात चुकलं, काही राहणार नाही. तिथे एक बाई असेल, एवढंच.

सिमोस: मला कसं कळेल?

मिक्का: ... असं करते. मी पुढे जाते, एकटी. उजव्या हाताचं पाणी पिते. आठवलं, तर मागे वळून त्या सहा जणींना तुमच्याकडे धाडते.

सिमोस: माझ्याकडे कशाला? तिथेच सांग ना त्यांना, उजव्या म्हणून.

मिक्का: आधीच सांगितलं तर धीर न धरता पितील, आणि चुकलं तर सगळ्याच पुसल्या जातील. आणि प्यायलेल्याला झऱ्याच्या अलीकडे येता येत नाही म्हणतात. हाक तेवढी मारता येते. आणि लांबून आलेल्या हाकेत डावं-उजवं कळत नाही, गुरुजी. कुणी आपलं हाक मारतंय एवढंच कळतं. मी तुमचं नाव घेऊन हाक मारीन. तुम्ही त्यांना गाणं द्या. ठोक्यांसकट.

सिमोस: आज तर तुमचा तिसावा.

मिक्का: माझा. मी पहिली गेले होते. त्यांना अजून दोन-चार दिवस आहेत.

सिमोस: आणि नाही आठवलं तुला?

मिक्का: मग कुणी येणार नाही. तुमची दुपार तुमची. किडे किरकिरतील, तुम्ही भाकरी खाल.

सिमोस: मिक्का. तुझं अक्षर पाटीवर उठलं नाही, पण चाळीस वर्षांत...

मिक्का: नको, गुरुजी. कौतुक केलंत तर मला जाववणार नाही. एक करा. आमच्या फिलाला कधी या गल्लीत पाहिलंत तर हाकलू नका.

सिमोस: मिक्का? ... मिक्का?

*

थ्रात्ता: आता ही खिडकी कशाला उघडताय? वीस वर्षांचा गंज. हात कापाल.

सिमोस: तेल आण. तो बुधला आण.

थ्रात्ता: सगळं? दिव्याला काय राहील?

सिमोस: सगळं ओत बिजागरीत. अजून थोडं. हं. हलली.

थ्रात्ता: कालची दुपार अशीच गेली, आजची चालली. तोंडात घास नाही तुमच्या. कुणाची वाट बघताय?

सिमोस: बाकं पुसलीस?

थ्रात्ता: पुसली. सहा. पोरं चौदा आहेत, तुम्ही सहाच सांगितलीत.

सिमोस: सहाच. दार लोटून घे.

थ्रात्ता: कुणाची तरी वाट बघता आणि दार लोटायला सांगता!

सिमोस: दार ठाऊक नसेल त्यांना. तिनं खिडकीच सांगितली असेल. ... ऐक.

थ्रात्ता: काय ऐकू? किडे ओरडताहेत. डोकं उठलंय.

सिमोस: ऐक गं.

थ्रात्ता: ऐकतेय. काही नाही. नुसते किडे... मालक.

सिमोस: काय?

थ्रात्ता: गप्प झाले.